दहा वाजून बेचाळीस मिनिटं

आमच्या आतोबांनी हात वर केल्याशिवाय सोलापुरात सकाळ होत नसे. सूर्य आपला उगवत असेल, त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण सूर्य पाहून उठणारा माणूस मी तरी आमच्या गावात पाहिला नाही. माझ्या आत्याचे यजमान म्हणून ते आमचे आतोबा, आणि एका कापडगिरणीचे टाइमकीपर म्हणून अख्ख्या गावाचे मालक, असं निदान आम्हां मुलांना वाटे. गिरणीच्या फाटकाला लागून त्यांची काचेची खोली होती. तीत भिंतीशी माणसाएवढं उंच लंबकाचं घड्याळ, समोर आतोबा, आणि बाहेर त्यांच्याकडे डोळे लावून उभा असलेला बॉयलरवाला. आतोबांनी हात वर केला की तो साखळी ओढी आणि भोंगा होई. भोंगा झाला की चुली पेटत, विणकरांच्या घरांतले माग खडखडू लागत, आणि आमचे वडील उशाखालचं घड्याळ काढून ते भोंग्याला जुळवून घेत. म्हणजे आमच्या घरच्या वेळेवरसुद्धा आत्याच्या सासरचीच सत्ता होती, आणि वडील मेव्हण्यांशी नेहमी थोडं जपून बोलत त्याचं मूळ मला वाटतं इथंच असावं.

आतोबांच्या कोटाच्या खिशात चांदीच्या साखळीचं घड्याळ असे. दर रविवारी ते स्टेशनवर जाऊन तिथल्या घड्याळाशी पडताळून बघत, आणि फरक पडला तर स्टेशनमास्तरांना सौम्य शब्दांत समज देत. 'संध्याकाळी येतो' असं ते कधी म्हणत नसत. 'सहा सतराला येतो' म्हणत. चुकून लवकर पोचले तर आमच्या दारात घड्याळ हातात धरून उभे राहत. आई म्हणे, "आतोबा, आत या की, उन्हात काय उभे?" त्यावर ते म्हणत, "अजून दीड मिनिट आहे, वहिनी." मग दीड मिनिट आई चौकटीच्या आत आणि आतोबा चौकटीच्या बाहेर, असे एकमेकांकडे बघत उभे राहत. सहा सतरा झाले की त्यांच्या चेहऱ्यावर ओळख उमटे आणि ते विचारीत, "काय, बरं आहे ना सगळं?"

या माणसाचं जगात एकाच माणसाशी वैर होतं. गावाच्या दुसऱ्या टोकाला दुसरी गिरणी होती आणि तिचाही एक टाइमकीपर होता. माळशिरसकडचा, भरघोस मिशांचा, मोठ्या आवाजाचा गडी. दोन्ही गिरण्यांचे भोंगे एकाच वेळी व्हायचे, आणि आधी कुणाचा होतो यावरून या दोघांचं बोलणं चौदा वर्षं बंद होतं. आमच्या गल्लीतल्यांना आतोबांचा भोंगा आधी ऐकू येई, तिकडच्यांना तिकडचा. यावर साक्षीपुरावे होत, म्हातारी माणसं शपथा घेत. मध्यावर राहणाऱ्या एका शिंप्याला दोन्ही बाजूंनी निवाडा करायला बोलावलं होतं. त्याला दोन्ही भोंगे एकदमच ऐकू येत, म्हणून दोन्ही बाजूंनी त्याच्याकडे कपडे टाकणं बंद केलं.

एवढ्या वक्तशीर माणसाच्या घरात वेळेनंच घात करावा, हे मला अजून पटत नाही. आत्याला एकच मुलगी, इंदू. आतोबा तेव्हा सोलापूरच्या गिरणीत लागायचे होते, बिऱ्हाड कुर्डुवाडीकडे होतं. पहिलटकरीण म्हणून आत्याला ते आगगाडीनं सोलापूरला माहेरी घेऊन येत होते, आणि माढा सोडल्यावर मोहोळच्या अलीकडे इंदू गाडीतच जन्मली. आत्या बायकांच्या डब्यात, आतोबा शेजारच्या पुरुषांच्या डब्यात. पलीकडून रडणं ऐकू आल्याबरोबर त्यांनी खिशातून घड्याळ काढलं: सकाळचे दहा वाजून बेचाळीस मिनिटं. दुसरा बाप असता तर त्यानं आधी 'मुलगा की मुलगी' विचारलं असतं. यांनी आधी आकडा लिहून घेतला. तोच आकडा जोशीबुवांना दिला, आणि जोशीबुवांनी पत्रिका मांडून मान हलवली. मंगळ आठव्या घरात. दहा चाळीस उलटताच पत्रिकेतलं लग्न पालटलं होतं. मुलगी दोन मिनिटं आधी झाली असती, तर मंगळ नवव्या घरात गेला असता आणि कुणाचं काही बिघडलं नसतं.

ती दोन मिनिटं इंदूच्या मागे सोळा वर्षं फिरली. मुलगी दिसायला नीटस, हाताला चव, हिशोबाला माझ्यापेक्षा पक्की. पण स्थळ येई, पत्रिका मागे आणि 'योग नाही' असं पोस्टकार्ड येई. अशी सात पोस्टकार्डं आली. सातवं आलं त्या दिवशी इंदूनं ते स्वतःच वाचलं आणि पाणी भरायला गेली. आत्या म्हणे, "अहो, दोन मिनिटांचा तर प्रश्न. सांगा की दहा चाळीस. कोण बघायला आलंय?" आतोबा म्हणत, "मी बघायला होतो." एवढं म्हणून ते घड्याळाला किल्ली देत बसत. मला त्यांचा भयंकर राग येई. ज्या माणसाच्या हातवाऱ्यावर गाव उठतं, त्याला पोटच्या पोरीसाठी दोन मिनिटं हलवता येऊ नयेत!

अशा वेळी त्यांच्या हाती वाचनालयातलं एक मासिक पडलं. मी नुकताच मॅट्रिक होऊन म्युनिसिपालिटीत कारकून लागलो होतो. एका रविवारी आतोबा आमच्या घरी आले ते ठरल्यापेक्षा अकरा मिनिटं उशिरा, आणि आल्याबरोबर मला म्हणाले, "अरे, वेळ एक नसते." आईला वाटलं, यांना ऊन लागलं. तिनं कांदा फोडून आणला. पण तो सापेक्षतावाद होता. जर्मनीतल्या कुणा पंडितानं असं सिद्ध केलं होतं म्हणे, की धावत्या गाडीतला काळ वेगळा आणि फलाटावरचा काळ वेगळा. मासिकात तर उदाहरणच आगगाडीचं होतं. त्या पंडिताला इतक्या लांब बसून आमच्या इंदूची हकीकत कशी कळली, याचं आतोबांना फार आश्चर्य वाटत होतं.

पुढचे चार महिने त्यांनी मला तो सिद्धांत समजावून सांगितला आणि मला तो अधिकाधिक समजेनासा झाला. पहिल्या रविवारी मला वाटलं होतं, थोडं कळतंय. दोन टांगे शेजारून सारख्याच वेगानं धावले तर एकातल्याला दुसरा उभा असल्यासारखा वाटतो, हे ठीक. पण प्रकाशाचं तसं नाही म्हणे. त्याच्या मागे कितीही जोरात टांगा पिटाळा, तो तुमच्यापुढे पहिल्याच वेगानं पळत राहतो. "का?" मी विचारलं. आतोबा म्हणाले, "का ते विचारायचं नाही. तिथूनच सुरुवात आहे." मग गाडीच्या दोन टोकांना विजा पडतात. फलाटावरच्या माणसाला त्या एकदम पडल्या असं दिसतं, गाडीतल्याला पुढची आधी पडली असं दिसतं, आणि दोघांचंही खरं. मी म्हणालो, "दोघांचंही कसं खरं? एक तर चुकत असेल." आतोबांनी माझ्याकडे अशा काही दयेनं पाहिलं की मी दोन दिवस कचेरीत गप्प होतो. नंतर माझ्या लक्षात आलं, की त्यांनाही ते कळलं नव्हतं. पण न कळण्यात ते माझ्या बरेच पुढे होते.

या विजांचा परिणाम असा झाला की आतोबा एके दिवशी चालत गावाच्या दुसऱ्या टोकाला गेले, चौदा वर्षांच्या वैऱ्याच्या काचेच्या खोलीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "तुमचंही खरं, माझंही खरं." त्या मिशाळ गड्याला वाटलं, यात काहीतरी डाव आहे. तो म्हणाला, "तुमचं खरं कसं आसंल? माजा भोंगा आदी हुतो, लई वर्सं हुतो." आतोबांनी त्याला फलाट, गाडी आणि विजा सांगितल्या. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, तुमी आदी घरी जावा. चा घेऊन जावा, पर जावा." तरी त्यानं चहा पाजला. चौदा वर्षांनंतरचा तो चहा आतोबांनी सापेक्षतावादाच्या खाती जमा केला. भोंग्याचा आवाज म्हणजे प्रकाश नव्हे, आणि ते भांडण नुसत्या अंतरामुळं होतं, हे मासिकाचा पुढचा अंक वाचून त्यांना कळलं, पण तोवर दोघांचं येणंजाणं सुरू झालं होतं.

खरा रोख अर्थात मंगळावर होता. आतोबांचं म्हणणं असं: पंचांग जमिनीवरच्या वेळेचं असतं, इंदू जन्मली धावत्या गाडीत. धावत्या गाडीत काळ हळू चालतो. म्हणजे जमिनीवर दहा बेचाळीस झाले तेव्हा इंदूच्या डब्यात अजून दहा चाळीसही झाले नसतील! हे ऐकून मी हरखलो. मग घरी जाता जाता माझं डोकं चाललं आणि मी परत फिरलो. म्हटलं, "आतोबा, पण घड्याळसुद्धा गाडीतच होतं. ते तुमच्या खिशात होतं ना?" आतोबांच्या चेहऱ्यावरचा आनंद उतरत गेलेला मी पाहिला आणि मला माझ्या डोक्याची शरम वाटली. ते म्हणाले, "उद्या सांगतो." ते उद्या काही आलं नाही.

त्याऐवजी प्रयोग आला. दोन घड्याळं एकाच क्षणी जुळवून एक आत्याच्या डब्यांच्या फळीवर ठेवलं, दुसरं घेऊन आतोबा आणि मी मोहोळला गाडीनं गेलो आणि गाडीनंच परत आलो. सिद्धांताप्रमाणे आमचं घड्याळ मागे पडायला हवं होतं. घरी येऊन बघतो तर ते एक मिनिट पुढे! आतोबा आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. आठव्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, की गाडीच्या हिसक्यांनी घड्याळ बिघडलं असावं. जोशीबुवांकडे जाऊन त्यांनी गाडीतल्या मुलांसाठी वेगळं पंचांग निघतं का, याचीही चौकशी केली. जोशीबुवा म्हणाले, "निघत नाही. पण तुमची स्वतःची पत्रिका एकदा घरच्यांकरवी माझ्याकडे पाठवून द्या."

शेवटी त्यांनी पुण्याच्या एका कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या प्रोफेसरांना चार पानी पत्र लिहिलं. याच सुमारास सांगोल्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगा शाळामास्तर, वडील पेन्शनीत निघालेले हेडमास्तर. फोटो पाहून त्यांनी होकार कळवला होता. पत्रिका बघायला ते पुढच्या रविवारी जोशीबुवांकडेच येणार होते. दुपारी इंदू घड्याळाच्या फळीकडे बघत बसलेली मला दिसे. आता जे काय व्हायचं ते पुण्याच्या पत्रावर होतं.

पत्र शुक्रवारी आलं. मी आत्याकडेच जेवायला होतो. आतोबांनी ते उभ्यानंच वाचायला घेतलं. प्रोफेसर भला माणूस होता. त्यानं चेष्टा केली नव्हती, सगळं गणित मांडून पाठवलं होतं. आगगाडीच्या वेगानं पडणारा फरक इतका सूक्ष्म असतो, की दोन मिनिटं मागे पडायला गाडी न थांबता दोनशे कोटी वर्षांहून जास्त धावत राहायला हवी. शिवाय घड्याळ त्याच गाडीत असल्यामुळे जो काही केसाएवढा फरक पडेल तो उलट दिशेनं पडेल. आतोबांनी ती ओळ मोठ्यानं वाचली. "न थांबता," ते पुन्हा म्हणाले, "दोनशे कोटी वर्षं न थांबता."

आत्या सुपात ज्वारी पाखडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "न थांबता कुठली? थांबलीच होती की गाडी."

"कुठं थांबली होती?"

"मोहोळच्या अलीकडे, सिग्नलापाशी. बराच वेळ उभी होती. अहो, गाडी चालू असती तर त्या खडखडाटात इंदूचं रडणं तुमच्या डब्यात ऐकू आलं असतं काय?"

आतोबा खाली बसले. चार महिने आम्ही ज्या गाडीला प्रकाशाच्या मागे पिटाळत होतो, ती सिग्नलापाशी उभी होती. मला हसू फुटणार होतं, पण आत्याचं पाखडणं थांबलं होतं आणि तिचा चेहरा बघून माझं हसू जागच्या जागी राहिलं. ती म्हणाली, "आणि रडली ती कधी, जन्मली कधी. जन्मली तेव्हा रडलीच नाही. निळी पडली होती. माढ्याला चढलेली एक धनगराची म्हातारी होती डब्यात, तिनं पाठ चोळली, कानाशी पितळी वाजवली, 'रड की गं बाय, रड की' म्हणून ओरडली. मला वाटलं, गेली पोर. मग रडली."

"किती वेळ मध्ये गेला?" आतोबांनी विचारलं.

"मला काय ठाऊक? घड्याळ तुमच्या खिशात होतं."

"तरी, अंदाजे?"

"मिनिट असेल. नाहीतर अर्धा तास असेल. मला अजून कधी कधी वाटतं, ती वेळ संपलीच नाही." तिनं पदरानं डोळे पुसले. "कुणाला सांगितलं नाही मी. आधीच मंगळ, वर निपचित जन्मली म्हटल्यावर पोरीला आणखी एक नाव ठेवलं असतं लोकांनी."

सोळा वर्षं आतोबांनी जगाला सांगितलेली वेळ रडण्याची होती, जन्माची नव्हतीच. मी आनंदानं उठूनच उभा राहिलो. म्हटलं, "आतोबा, मग झालंच की! दोन मिनिटं सहज गेली असतील. सांगा दहा अडतीस. आता तर ते खोटंही नाही."

त्यांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "असेल आणि आहे यांत फरक आहे रे." त्या दुपारी ते कामावर निघाले तेव्हा घड्याळ खुंटीवरच्या कोटात राहिलं होतं.

रविवारी आम्ही सगळे जोशीबुवांकडे बसलो. हेडमास्तर ताठ बसणारे, कमी बोलणारे. जोशीबुवांनी पाटीवर रेघा ओढल्या आणि ठाऊक असूनही रिवाजाप्रमाणे जन्मवेळ विचारली. सोळा वर्षं या प्रश्नाला आतोबांचं उत्तर तोफेसारखं सुटत असे. त्या दिवशी त्यांनी दोनदा घसा खाकरला. मी मनात 'दहा अडतीस, दहा अडतीस' म्हणत होतो. ते म्हणाले, "मला माहीत नाही."

जोशीबुवांच्या हातातली पेन्सिल खाली पडली. आतोबा हेडमास्तरांकडे वळून बोलत राहिले. जुनी पत्रिका आहे, तीत मंगळ आहे, हेही त्यांनी लपवलं नाही. ती रडणं ऐकून केलेली, जन्म त्याआधीचा. किती आधीचा ते जिनं जन्म दिला तिलाही सांगता येत नाही. "मी टाइमकीपर आहे," ते म्हणाले, "पण ही एक वेळ माझ्याकडे नाही." मला वाटलं, आठवं पोस्टकार्ड आलं.

हेडमास्तरांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. म्हणाले, "तीन मुलांची लग्नं केली मी. आजवर बघितलेल्या सगळ्या मुली अगदी शुभ वेळेवर जन्मलेल्या. माहीत नाही म्हणणारा बाप पहिल्यांदाच भेटतोय." मग जोशीबुवांना म्हणाले, "वेळ ठाऊक नसली तर तुम्ही लोक काय करता?"

"नावावरून जमवतो की," जोशीबुवा म्हणाले. "वेळच नाही तर लग्न कुठलं, आणि लग्न नाही तर मंगळ कुठल्या घरात बसवायचा?"

"मग बघा नावावरून."

नावावरून बावीस गुण जमले. सापेक्षतावादाला, पंचांगाला आणि आम्हां सगळ्यांना चार महिन्यांत जे साधलं नव्हतं, ते आतोबांच्या 'माहीत नाही'नं दोन मिनिटांत साधलं. कसं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. मी तो विषय समजून घेण्याचा नाद त्याच दिवशी सोडून दिला.

लग्न झाल्यावर इंदूला पोचवायला आम्ही स्टेशनवर गेलो. गाडी कुर्डुवाडीकडे जाणारी, म्हणजे तोच रस्ता, तोच मोहोळजवळचा सिग्नल. गाडीनं शिट्टी दिली तशी आतोबांनी खिशातलं घड्याळ साखळीसकट काढलं आणि खिडकीतून इंदूच्या हातात ठेवलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्हांला?" ते म्हणाले, "मला गिरणीतलं आहे." गाडी हलली. इंदूचा हात दिसेनासा झाल्यावरही ते फलाटावर उभेच होते. मी म्हटलं, "चला आतोबा." ते म्हणाले, "जो गाडीत असतो त्याचा काळ हळू चालतो. फलाटावर उभा राहणारा आधी म्हातारा होतो. एवढं मात्र मला कळलंय बघ." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला पहिल्यांदाच त्यांचं म्हणणं कळल्यासारखं वाटलं.

दिवाळीला इंदू माहेरी आली तेव्हा ते घड्याळ भोंग्यापेक्षा दोन मिनिटं मागे होतं. आतोबांनी ते कानाशी धरलं, भिंगातून पाहिलं आणि मला हाक मारून दाखवलं. सांगोल्याच्या धुळीनं ते मंदावलं होतं. तेलपाणी करायला हवं होतं, एवढं मलाही दिसत होतं. मी ते बोलून दाखवणार, तेवढ्यात आत्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मी गप्प बसलो. आतोबांनी घड्याळ जुळवलं नाही, तसंच इंदूला परत दिलं. सोलापुरातल्या एकूण एक घड्याळाला वळण लावणाऱ्या माणसानं आयुष्यात तेवढं एकच चुकीचं सोडलं.

आतोबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. घड्याळ अजून इंदूकडे आहे आणि जुळवताना ती ते मुद्दाम दोन मिनिटं मागेच ठेवते. ती माहेरी आली की भोंगा होतो, सगळे आपापली घड्याळं बघतात, आणि इंदू आपली वाट बघत बसते. दोन मिनिटांनी तिच्या घड्याळात वाजतात. मग ती म्हणते, "आता झाला बाबांचा भोंगा," आणि कामाला उठते.